लाडवातला बिब्बा

—नाही जी, खोटं असन तर या मेथीच्या जुडीवर हात ठेवून सांगतो, जीभ झडून पडन माही! माहा आजा नव्वदाव्या वर्षी दर्यापुराहून पायी निघाला, अन् सूर्य डोक्यावर यायच्या आत अमरावतीत अंबादेवीच्या पायरीवर हजर. नव्वद नाही, ब्याण्णव. अन् दर्यापूर म्हटलं का मी? दर्यापूर कसं असन, तेव्हा तो अकोल्यात राहे — म्हणजे अकोल्याहून निघाला. वाटेत गोऱ्या डिप्टी कमिशनरची बग्गी थांबली, साहेब म्हणे, 'बुढे, बैठ जाव', तर आजा म्हणे, 'आज नको साहेब, जरा घाई आहे!' — हसा, हसा. इथं अख्खा बाजार हसते. आणि तुमी कोठचे म्हणाले? नांदगाव खंडेश्वर? तिथवर गेली का गोष्ट! पाय तर माह्या आज्यापेक्षा गोष्टीलेच चांगले आहेत. अन् एवढ्या दुरून कोणासाठी आले — मायसाठी? गुडघे? उठताना भिंत धरते, पाणी भरून आली की पायरीवरच बसते — हो, समजलं. बसा. उकिडवे नका बसू, पोत्यावर टेका.

तर लाडू. गोष्टीत आजा रोज सकाळी एक लाडू खाये, या नत्थुजीच्या, म्हणजे माह्याच घरचा — डिंक, मेथ्या, खोबरं, गूळ, अन् — धोतराच्या सोग्यात काय बांधून आणलं ते? सोडा पाहू. सोडा ना, मी काय खाऊन टाकतो का?

बिब्बे.

अख्खे बिब्बे आणले तुमी? जडीबुटीवाल्या पसाऱ्यानं दिले? तुमी मागितले म्हणून दिले, त्याचा काय दोष. ठेवा खाली. हळूच. ते बोट डोळ्याले लावू नका, धोतराले पुसा — नाही, धोतरालेही नको, या पाल्याले पुसा. अहो, परीट याच्याच तेलानं कपड्यावर खुणा करते, ती खूण कापड फाटलं तरी जात नाही — अन् तुमी हे मायच्या पोटात घालून राहिले! लाडवात गोडंबी घालतात, भाऊ. गोडंबी. हे काळं टरफल फोडून, राखेत हात घोळून, आतली पांढरी बी काढतात ती. ती गोड, ती चांगली, तीही चिमूटभर. टरफल पोटात गेलं की माणूस आतून बाहेरून फोडांनी उतते. हे वऱ्हाडातलं पोट्टंही जाणते. मग तुमी कसे चुकले? — हो. गोष्टीत तसंच आहे म्हणता. गोष्टीत अख्खा बिब्बा आहे.

आहे. एका बाईनं ऐकून केलाच ना. मनकर्णाबाई, माळीण — ही माह्या डाव्या हाताची जागा तिची, वीस वर्षं आमी शेजारी बसून राहिलो, तिचे वांगे, माही मेथी. सकाळी चार घटका निंदण करायचं, मग डोक्यावर पाटी, मग दिवसभर उकिडवं बसून तोलायचं — गुडघे काय लोखंडाचे असतात? उठली की कटकट वाजत, मी म्हणे, 'बाई, तुमच्या गुडघ्यात सरकी पेरली का?' अन् ती म्हणे, 'तुमच्या तोंडात पेरली तशीच.' अशी बाई. तिनं तो लाडू खाल्ला. गोडंबी म्हटलेलं तिनं बिब्बा ऐकलं. कानानं जड आहे ती — गर्दीत व्हते असं — कोणाचा दोष नाही.

तिसऱ्या दिवशी सून तिची, कौशल्या, रडत आली. मी गेलो. तोंड, ओठ, हाताचे तळवे — नको, तुमाले मायची आठवण येईन. वामनराव वैद्यानं खोबरं चावायले दिलं, खोबरेल चोपडलं, ताकावर ठेवलं, वाचली. पण दोन महिने बाजेवर. अन् दोन महिने पाय हलले नाहीत तर गुडघे काय करतात, माहीत आहे? धरतात. बिजागरीले गंज चढते तसे. वैद्य म्हणाले, आधी चालत तरी होती.

मग त्यांनी तिले सांगितलं ते तुमाले सांगतो, हे ध्यानात ठेवा, यात काही गंमत नाही. निंदताना दर घटकेले उभं राहायचं, दोन पावलं चालायचं. उकिडवं नाही, पाटावर बसायचं. सकाळच्या उन्हात कोमट तीळतेल — वरून खाली नाही, गोल. पाटीत ओझं अर्धं, खेपा दोन. दूध, तीळ, हिवाळ्यात डिंकाचा लाडू सुपारीएवढा. जेवल्यावर आंगणात फेऱ्या. संपलं. पाहा, तुमीच जांभई देऊन राहिले. हे मी बाजारात सांगितलं असतं तर कोण थांबलं असतं? खरं असं अळणी असते, भाऊ. म्हणून मी आजा घातला. आज्याले बग्गी घातली. अन् त्या दिवशी गर्दी अशी जमली, अशी जमली, की तेल्हाऱ्याचा बैलवालाही बैल सोडून ऐकून राहिला होता — मग मी म्हटलं, 'गोडंबी तर बायका खातात, माहा आजा अख्खा बिब्बा खाये!' लोक लोळले.

काय पाहता? हो, मीच म्हटलं. अन् ऐका — मनकर्णाबाईनं विचारलं होतं. पाटी बाजूले सारून, गुडघा धरून, हळूच, 'नत्थुजी, गोडंबी म्हणता का बिब्बा? नीट सांगा, मले करायचा आहे.' मले करायचा आहे म्हणाली. अन् चाळीस तोंडं माह्याकडं. नाही म्हटलं असतं तर गोष्ट पडली असती. मी म्हटलं, 'बिब्बाच माय, अख्खा!'

वैद्यानं विचारलं, कोणं सांगितलं हे घालायले? मी दाराशी उभा. ओठ सुजलेले, तरी ती बोलली — 'कोणं नाही जी. ते गोडंबीच म्हणाले, म्याच भलतं ऐकलं.' अन् पाहून राहिली होती माह्याकडं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आजा खोटा, बग्गी खोटी. आजा माहा चाळिशीतच बाजेले लागला, मी त्याले चालताना पाहिलंच नाही. त्याची मले लाज नाही, ते सारा बाजार जाणते. पण वैद्यानं माह्याकडं वळून पाहिलं तेव्हा मी मान हलवली अन् म्हणालो, 'हो, बाई कानानं जड आहेत.' मघा तुमालेही तेच म्हणालो. तेवढं खोटं मात्र माहं आहे. तिचे कान तुमच्या-माह्याहून चांगले. आता पोट्टे तिच्याशी ओरडून बोलतात, गिऱ्हाईक ओरडून भाव करते, अन् ती — तिले पहिल्यांदा ऐकू आलं तरी दोनदा विचारते. माह्यासाठी विचारते.

उठा. बिब्बे इथंच राहू द्या. उठा म्हणतो ना, तिच्या जागेवर बसले तुमी — मनकर्णाबाई येऊन राहिली.