हौसेचा साधेपणा

...नाही, तुम्हीच सांगा, चांगला चालता फ्रिज विकून माठातलं पाणी प्यायला लागली म्हणून एखाद्या बाईचा पेपरात फोटो यावा, असं त्यात काय आहे हो? माठ माझ्याकडं नाही का? लग्न होऊन आले तेव्हापासून माठच आहे माझ्याकडं! एक पेपरवाला फिरकला नाही! उलट पाहुणे यायचे, माठाकडं बघायचे आणि म्हणायचे, "अजून फ्रिज नाही घेतला?" मी म्हणायची, "घ्यायचाय ना, दिवाळीला घ्यायचाय." कोणत्या दिवाळीला, ते काही मी कधी बोलले नाही... आणि तिचा माठ मात्र पेपरात! मी जळते असं नाही हं! पण माठात माठ काय वेगळा असतो, एवढंच माझं विचारणं आहे.

ती म्हणजे माझी धाकटी जाऊ, विशाखा. लातूरला डॉक्टर. तिचा नवरा, म्हणजे माझे दीर, मुकुल भाऊजी, तेही डॉक्टर. दवाखाना स्वतःचा, वरचे मजले स्वतःचे, औशाच्या रस्त्याला शेत स्वतःचं, आणि त्या शेतात असं घर की तुम्हाला सांगते, आम्हाला राहायला दिलं तर आम्ही पाय पुसायला सुद्धा आत जाणार नाही, बाहेरच पुसू! आणि आम्ही इथं नांदेडला. आमचे हे, अनंतराव, उमरीला मास्तर. शाळा विनाअनुदानित. अनुदान येऊन राहिलं, येऊन राहिलं, असं म्हणता म्हणता ते आलं तेव्हा यांच्या डोक्यावरचे केस जाऊन राहिले होते. मग मी काय करणार? दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या, टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं चिरली, जुन्या साड्यांच्या वाकळा शिवल्या, आणि कुणी आलं की पिशव्या पटकन दोरीवरनं ओढून न्हाणीत लपवल्या. लाज वाटायची हो!

आणि दोन वर्षांपूर्वी या बाईला एकदम साधेपणा झाला! हाव, झालाच म्हणायचं, कावीळ होते तसा! फ्रिज विकला, मोठी गाडी विकली, कपाटभर साड्या वाटून टाकल्या. मला पण द्यायला निघाली होती, मी म्हटलं, "नको गं, माझ्याकडं लई आहेत." कशाला लई असतील? पण स्वाभिमान म्हणून काही असतो का नाही माणसाला! आता ती सायकलवर दवाखान्यात जाते. ब्लाउज फाटलं तर रफू करते, आणि रफू कसं? माझं रफू मी पदराखाली झाकायची, ती मुद्दाम लाल दोऱ्यानं करते, दिसावं म्हणून! आणि बायका म्हणतात, "अय्या, किती छान!" बादलीभर पाण्यात आंघोळ करते म्हणून सत्कार झाला तिचा. अहो, लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं त्या उन्हाळ्यात हिच्या दारात टँकरमागून टँकर उतरायचे, ते नाही कुणाला आठवलं! मी जळते असं नाही हं, पण आठवण म्हणून काही चीज असते का नाही?

पुढं ऐका. आमच्या नांदेडच्या महिला मंडळानं तिचं भाषण ठेवलं. विषय काय? 'कमी वस्तू, जास्त आनंद'. मी गेले, जावेचं भाषण म्हणून जावंच लागतं. ही आली एस.टी.नं. बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून मी एस.टी.नं गेले की मी गरीब, आणि ही आली की पर्यावरण! स्टेजवर उभी राहून म्हणते कशी, अगदी डोळे मिटून, "मैत्रिणींनो, गेल्या वर्षभरात मी एकही साडी विकत घेतली नाही..." आणि काय टाळ्या हो! माझ्या शेजारी आमच्या गल्लीतल्या देशपांडे बाई बसल्या होत्या. मी त्यांच्या कानाला लागले, म्हटलं, "मी तर तीन वर्षांत नाही घेतली." तर त्या बाईनं माझा हात हातात घेतला, डोळ्यात पाणी आणलं आणि म्हणाली, "अगं बाई... इतकी अडचण आहे का गं?"

म्हणजे बघा! तिला टाळ्या आणि मला सांत्वन!

पण हे सगळं मी गिळलं. कशासाठी? तर वैष्णवीच्या लग्नासाठी. वैष्णवी माझी एकुलती लेक. तिच्या लग्नाचं माझ्या मनात ती रांगत होती तेव्हापासून ठरलेलं. दागिने नाही, बँड नाही, ते घोडं-बिडं काही नाही. मला पाहिजे होती पंगत. खाली बसून जेवायची, रांगोळी काढलेली, उदबत्ती लावलेली पंगत. बुंदी, जिलेबी, मसालेभात, भरल्या वांग्याची भाजी, आणि मी कमरेला पदर खोचून पंगतीतून फिरणार, हातात जिलेबीचं ताट, आणि आग्रह करणार. "घ्या हो, एक तरी घ्या! असं काय करता? माझी शपथ आहे!" आणि समोरचा ताटावर आडवा हात धरून राहिला की त्याच्या बोटांच्या फटीतून सोडायची! तुम्हाला सांगते, आयुष्यभर मी वाटीनं मोजून वाढलं. पाहुणा दुसरी पोळी मागतो का काय म्हणून त्याच्या हाताकडं बघत वाढलं. यांना वाढताना माझ्यासाठी उरेल का, हे आधी बघून वाढलं. मला एक दिवस, फक्त एक दिवस न मोजता वाढायचं होतं. त्यासाठी सगळी काटकसर. बाकी मला कशाची पडलेली नव्हती.

आणि स्थळ पण कसं चालून आलं! उदगीरचं. मुलगा मिहिर, पुण्यात नोकरी, वडील उमाशंकरराव, मोंढ्यात धान्याची आडत. म्हटलं, वा! आडतवाले! यांना गावजेवणच लागणार! पोरं एकमेकांना पसंत पडली आणि लग्न ठरवायची बैठक आमच्या घरी ठरली. आता बैठकीची रीत तुम्हाला माहीतच आहे. मुलीकडच्यांनी आपण होऊन काही बोलायचं नसतं. मुलाकडच्यांनी मागायचं, आणि आपण मान खाली घालून म्हणायचं, "तुम्ही म्हणाल तसं." मी यांच्याकडनं आठवडाभर तालीम करून घेतली. म्हटलं, "ते म्हणतील लग्न जोरात करा, तुम्ही जरा गप्प बसायचं, एक उसासा टाकायचा, आणि मग म्हणायचं, तुम्ही म्हणाल तसं." हे म्हणाले, "उसासा कशाला? तुलाच तर जोरात करायचंय." म्हटलं, "उसासा टाकला नाही तर त्यांना वाटेल आपल्यालाच हौस आहे!"

बैठकीला मुलीचे काका-काकू म्हणून भाऊजी आणि विशाखा आले. ती नेसलेली कसली, तर खादीची, पांढरी, कडेला लाल रफू. चहा झाला. उमाशंकररावांनी पानाचा डबा उघडला, घसा खाकरला... आणि ते बोलणार तेवढ्यात विहीणबाई विशाखाकडं बघून म्हणतात, "तुम्ही त्या पेपरातल्या मॅडम ना? माठवाल्या?" झालं! तिथून ती जी सुटली! लग्नात अन्न किती वाया जातं, प्लास्टिक किती निघतं, जगात काय काय होऊन राहिलंय... आणि विहीणबाई मान हलवताहेत, "हाव, हाव मॅडम, आमच्या पण मनात अगदी हेच होतं बघा." कधी होतं? बाईंच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या! आणि उमाशंकरराव, ज्यांच्या पोत्यांवर माझा सगळा भरवसा, ते मांडीवर थाप मारून म्हणतात, "ठरलं! मॅडमच्या शेतात, झाडाखाली, चाळीस माणसांत लग्न! जेवायला आपलं पिठलं-भाकरी! काय अनंतराव, चालेल ना?"

आणि आमचे हे! शाळेत पोरांना वर्षभर शिकवून पाठ होत नाही, पण यांना माझं एका आठवड्यात पाठ झालेलं! गप्प बसले, उसासा टाकला, आणि म्हणाले...

"तुम्ही म्हणाल तसं."

अहो, मी मागून यांना चिमटा काढला! हे माझ्याकडं वळून हळूच म्हणतात, "बरोबर झाला ना उसासा?" आता काय करता! एकदा शब्द गेला, मुलीकडच्यानं तो फिरवायचा कसा? आणि फिरवून म्हणायचं काय, की आम्हाला जास्त खर्च करू द्या?

तर असं झालं लग्न. लातूरला, हिच्या शेतात. पिठलं, भाकरी, ठेचा! जे मी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दार लोटून खाल्लं, ते डॉक्टर लोक बोटं चाटून चाटून खात होते, आणि म्हणत काय होते? "विशाखा मॅडम, काय आयडिया आहे! मान गये!" पिठलं कुणी केलं होतं? मी! मी जळते असं नाही हं... पण म्हटलं जाऊ दे, निदान वाढू तरी. पदर खोचला, भाकरीची टोपली घेतली, आणि पहिल्याच पाहुण्यापुढं वाकून म्हटलं, "घ्या ना, एक तरी घ्या, माझी शपथ..." तर त्या माणसानं हसून माझ्या डोक्यामागं बोट दाखवलं. झाडाला पाटी टांगलेली. विशाखाच्या अक्षरात. 'हवे तेवढेच घ्या. आग्रह करू नका.'

आग्रहाला पण बंदी! टोपली खाली ठेवली, आणि माणसं किती, भाकरी किती, ते मोजत उभी राहिले.

मग पाठवणीची वेळ झाली. वैष्णवी माझ्या गळ्यात पडली. आणि सगळ्यांसमोर, विहीणबाई, डॉक्टर लोक, विशाखा, सगळ्यांसमोर पोरगी रडत रडत म्हणते, "आई, लोक काकूचं कौतुक करतात, पण साधं राहायला मी तुझ्याकडून शिकले गं. काकू आत्ता आत्ता शिकली. तुला तर पहिल्यापासून कधी कशाची हौसच नव्हती!"

विहीणबाईंनी डोळे पुसले. उमाशंकररावांनी हात जोडले. आणि विशाखा, आमची विशाखा, पुढं येऊन वाकून माझ्या पाया पडली, "ताई, खऱ्या गुरू तर तुम्ही!" आणि टाळ्या हो! पहिल्यांदा माझ्यासाठी!

आता सांगा, काय बोलायचं होतं मी? बाळ, हौस होती गं, लई होती, पैसे नव्हते, असं म्हणायचं? पोरीची गाडी सुरू झालेली, ती काचेतून माझ्याकडं अशी बघून राहिली होती की देवाकडं सुद्धा कुणी तसं बघत नसेल. आणि तुम्हाला सांगते, तेव्हा मात्र मी जळले. खरोखर जळले. विशाखावर नाही. पोरगी सांगत होती ना, ती बाई, जिला कधी कशाची हौसच नव्हती... किती सुखात गेलं असेल हो तिचं आयुष्य! तिच्यावर जळले.

पण लोक टाळ्या वाजवत होते. मी डोळे पुसले, पदर नीट केला, आणि जन्मापासून मला काही नकोच होतं असा चेहरा करून उभी राहिले. काय करता... कौतुक फुकटचं होतं, वाया कशाला घालवायचं!