आठवीचा ओव्हरटाईम

...आणि वर मला बोलते काय, "बाबा, नाहीतरी तुम्ही रिकामेच असता!" आता बोला! रिकामा असतो मी! अहो, माणूस घरात एकटा असला म्हणजे रिकामा असतो का? सकाळी उठायचं, दूध आणायचं, ते तापवायचं, उतू जातंय का म्हणून समोर खांब होऊन उभं राहायचं, कारण "अहो, दूध!" म्हणून ओरडायला घरात दुसरं कोणी नाही, मग ते प्यायचं, मग ते भांडं घासायचं... दिवस जातो हो! पण सुनेला कोण सांगणार? वैष्णवी माझी सून, स्वभावाने सोन्यासारखी, खोटं कशाला बोलू, पण पुण्याला गेल्यापासून बोलते अशी घाईत, की जणू मागे कोणी काठी घेऊन लागलंय. "बाबा, रिद्धीला क्लास नकोय, ती घरीच अभ्यास करणार, तर तुम्ही जरा मोबाईलवर शोधा ना तिच्यासाठी, आठवीचं गणित, विज्ञान, सगळं ऑनलाईन मिळतं. फुकट आहे बाबा, सगळं फुकट!"

फुकट आहे हो, सगळं फुकट! उभे का तुम्ही? बसा ना. सांगतो.

रिद्धी म्हणजे माझी नात. इथेच हेंद्रेपाड्यात माझ्या खांद्यावर वाढलेली. ही आमची बिल्डिंग बघताय ना, ही आमच्याच शेतावर उभी आहे, बरं का. भात पिकायचा इथे, भात! बिल्डरने जमीन घेतली, बदल्यात फ्लॅट दिले, आणि आता ज्या खाचरात मी गुडघाभर चिखलात उभा राहायचो, त्याच खाचराच्या वर, सातव्या मजल्यावर, हवेत राहतो. आणि गेटवरचा नवीन वॉचमन मला विचारतो, "अंकल, किसके यहाँ जाना है?" अरे, किसके यहाँ? माझ्याच यहाँ! पण खरं सांगू, त्याचा राग नाही येत, निदान विचारतो तरी. माझी बायको गंगू गेली, मग अमितची, माझ्या पोराची, पुण्याला बदली झाली, बायको-पोरगी घेऊन गेला. जाताना बोलला, "बाबा, चला तुम्ही पण." मी बोललो, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून." तेव्हापासून मी मागूनच येतोय.

तर काय सांगत होतो... हां, आठवी! बसलो मोबाईल घेऊन. चष्मा लावला, लिहिलं, 'आठवी गणित फुकट'. आयला, काय सांगू तुम्हाला, लग्नात जेवणाची पंगत उठल्यावर हात धुवायला जशी झुंबड उडते ना, तशा त्या साईटी अंगावर आल्या! प्रत्येकावर लिहिलंय, फुकट. एक उघडली. फुकट आहे, पण आधी नाव टाका. टाकलं. गाव टाका. टाकलं. मोबाईल नंबर टाका, ओटीपी टाका, पाल्याचं ध्येय काय ते टाका. आता रिद्धीचं ध्येय काय ते मला काय माहीत? गेल्या गणपतीत विचारलं तर बोलली, आबा, मला झोपायचंय. तेच टाकलं!

आणि पुढच्या मिनिटाला फोन. "हॅलो, जयदेव सर बोल रहे हैं? सर, मैं करिष्मा, आपके बच्चे के ब्राइट फ्यूचर के बारे में बात करनी थी, सर, क्या आपके पास दो मिनट हैं?" दो मिनट? बाई गं, मेरे पास पूरा दिन है! बोल! ती बोलली फ्यूचरचं, मी बोललो पास्टचं. तिला भाताचं सांगितलं, गंगूचं सांगितलं, गंगूच्या हातच्या सुक्या बोंबलाच्या चटणीचं सांगितलं, ती आपली "जी सर... जी सर..." मग हळूहळू तिचं जी बारीक होत गेलं, आणि शेवटी बोलली, "सर, मैं आपको बाद में कॉल करती हूँ," आणि ठेवला. नाही केला हो. दुसऱ्या दिवशी मीच लावला, उचललाच नाही. लोक त्या कंपन्यांच्या फोनला कंटाळून नंबर ब्लॉक करतात म्हणे. मला त्यांनी ब्लॉक केलं!

मग दुसरं सापडलं, आख्खं पुस्तक, इतिहासाचं. फुकट! पण कोणी भल्या माणसाने त्याचे फोटो काढलेले आडवे. मोबाईल उभा केला की पुस्तक आडवं, मोबाईल आडवा केला की ते लबाड पुन्हा फिरून आडवं. मग काय, मान वाकडी करून वाचलं. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा! पान पलटा, अंगठा. लढाई सुरू, मध्येच अंगठा. मान अशी अवघडली, की डॉक्टर विचारतो, "जयदेवराव, काय उचललंत?" मी बोललो, "आठवीचा इतिहास!"

फुकट आहे हो, सगळं फुकट, अंगठ्यासकट!

पण हिंमत नाही सोडली. शोधता शोधता एक दिवस सापडल्या. संजीवनी मॅडम! काय ती बाई शिकवते, वा! मागे साधा फळा, अंगावर साधी साडी, आणि सुरुवात काय, तर, "या मित्रांनो, बसा. जेवलात का?" मी मोबाईलकडे बघून बोललो, "हो, जेवलो." अहो, विचारलं ना तिने! किती दिवसांनी कोणी विचारलं होतं! मग तिने अवयव शिकवले. गणितातले अवयव हो. 'अवयव पाडा' असं लिहिलेलं असतं पुस्तकात. आता मी जन्म काढला आनंदनगरला कंपनीत, पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर. तिथे अवयव पाडा म्हटलं तर माणसं पळून जातील! पण मॅडमने असं सोपं करून सांगितलं, की माझ्यासारख्या नववी नापास माणसाला कळलं. मधल्या पदाचे दोन तुकडे करायचे, असे, की गुणाकार सहा यायला पाहिजे आणि बेरीज पाच. दोन आणि तीन! मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

आता तुम्ही बोलाल, मग दिली असेल लिंक पाठवून, विषय संपला. तिथेच तर खरी गंमत आहे! थांबा, चहा घेता का? नको? बरं, बसा तर खरे.

तुम्ही कंपनीत काम केलंय कधी? कंपनीचा एक नियम असतो, लिहिलेला नसतो, पण पहिल्याच आठवड्यात जुना माणूस कानात सांगतो. काम शिफ्टमध्ये संपवायचं नसतं. संपवलंस तर घरी. थोडं उरवलंस तर ओव्हरटाईम! आमचा नाथा होता, एकदम उस्ताद माणूस, सुपरवायझर ओरडायचा, "अरे नाथा, कितना टाइम लगेगा?" आणि हा घाम पुसत, "साहब, माल बहुत कडक है आज!" माल रोजचाच! तर मी काय केलं, मी लिंक पाठवलीच नाही. सुनेला बोललो, "सापडतंय, सापडतंय, पण फुकटचं काही खरं नसतं बघ. तोपर्यंत तिला काय अडलं तर मला विचारू दे."

आणि ती विचारायला लागली हो! रोज संध्याकाळी फोन. "आबा, तो अवयवांचा प्रश्न नाही जमत." मी बोलायचो, "थांब हं माझी बाय, बघून सांगतो." ठेवायचो. मॅडमचा व्हिडिओ लावायचो, बघायचो, मग फोन. एका प्रश्नाला दोन फोन झाले की नाही? पण मी नाथाचा चेला! पहिल्या फोनला फक्त गुणाकार सांगायचो. "आता बेरीज?" "बेरीज जेवून झाल्यावर, बाय. माल कडक आहे आज." जेवून झाल्यावर पुन्हा फोन! आणि मधल्या वेळात नुसतं गणित असायचं काय? शाळेत कोण रागावलं, कोणी डबा खाल्ला, आईने काय वाढलं, ती पुण्याची मैत्रीण स्वप्नाली कशी भाव खाते, सगळं यायचं. दिवसभर घरात माझं तोंड उघडायचं ते जांभई द्यायला, आणि संध्याकाळी बोलून बोलून घसा बसायचा. त्या एका फोनवर मी दिवस काढायचो, काय लपवायचं तुमच्यापासून. चहासुद्धा फोन येऊन गेल्यावर प्यायचो, चव लागायची.

मग एकदा बोलली, "आबा, तुम्ही फोन ठेवू नका, आत्ताच समजवा, मला झोप येते नंतर." आली का पंचाईत! मग डोकं लढवलं. अमितचा जुना टॅब होता घरात, त्याला इअरफोन लावला, एका कानात संजीवनी मॅडम, दुसऱ्या कानात नात. मॅडम बोलतील ते मी बोलायचं. मॅडम बोलल्या, "तर बघा, हे मधलं पद," मी बोललो, "तर बघ, हे मधलं पद." मॅडम बोलल्या, "इथे घाई करायची नाही," मी बोललो, "इथे घाई करायची नाही, बाय." असं फर्स्ट क्लास चाललेलं, की माझं मलाच वाटायला लागलं, अरे जयदेव, तू मास्तर व्हायला पाहिजे होतास! रिद्धी पलीकडून "हां आबा, कळलं आबा" करतेय, मी रंगात आलोय, हातवारे करतोय, आणि त्याच रंगात मॅडमच्या मागोमाग बोलून गेलो...

"तर मित्रांनो, व्हिडिओ आवडला असेल तर लाईक करा, शेअर करा, आणि बाजूची घंटा दाबायला विसरू नका!"

पलीकडे अशी हसली, अशी हसली पोरगी, की मला वाटलं मोबाईल फुटतो. "आबाऽऽ! तुम्ही कॉपी मारताय!" मीही हसलो. दोघं हसलो. गंगू गेल्यानंतर त्या घरात एवढं हसणं झालं नव्हतं. आणि हसता हसता ती बोलली, "कोण आहे ते? मस्त शिकवतंय. लिंक पाठवा ना, आबा."

काय करणार तुम्ही? बोला ना! नात मागतेय, परीक्षा तोंडावर आलेली. नाही म्हणणार? पाठवली. वर रुबाबात लिहिलं, "घे बाय, फुकट आहे."

पेपर झाला. सुनेचा मेसेज, "बाबा, रिद्धी वर्गात दुसरी आली गणितात. थँक्यू हं, तुम्ही शोधलंत म्हणून." छाती फुगली, खोटं नाही बोलत. खाली जाऊन वॉचमनलासुद्धा सांगितलं. तो बोलला, "बढ़िया अंकल. किस फ्लोर पे रहते हो आप?" जाऊ दे.

पण फोन... फोन हळूहळू बारीक झाला. त्या करिष्माचं जी झालं होतं ना, तसाच. आधी एक दिवसाआड. मग रविवारी. मग मीच सकाळी फुलाचं चित्र टाकायचो, शुभ सकाळ बाय, तर तिकडून काय यायचं माहितेय? अंगठा! पुन्हा अंगठा! आठवीत अंगठ्याशिवाय काही आहे की नाही? रागवत नाही मी तिच्यावर. पोरगी मोठी होतेय, तिला सगळं तिथल्या तिथे मिळतंय, म्हाताऱ्याचा ओव्हरटाईम कशाला पाहिजे? कळतं मला. पण संध्याकाळ झाली की मोबाईल उशीखाली ठेवतो, मग बाहेर काढतो, मग आवाज चालू आहे का बघतो, मग आपल्याच लँडलाईनवरून आपल्यालाच फोन लावून बघतो. वाजतो हो. मशीन ठीक आहे.

मग काल ठरवलं. म्हटलं जयदेव, काम येत नसेल तर काम काढावं लागतं. शंका तिलाच का असाव्या? मला नाहीत? मुद्दाम एक लांबलचक गणित काढलं, चार पदांचं, एका फोनमध्ये संपणारच नाही असं. चहा ठेवला नाही, म्हटलं बोलून झाल्यावर घेऊ. दूध तेवढं गॅसवर होतं. लावला फोन. उचलला! "बोला आबा."

"काय गं बाय, एक शंका होती. तेवढे अवयव पडत नाहीत माझे."

"कोणतं? सांगा." मी सांगितलं, सावकाश, एकेक पद. ती ऐकत होती. मग बोलली काय, तुम्हाला सांगतो, अगदी माझ्याच आवाजात, "थांबा हं आबा, बघून सांगते."

माझं वाक्य! माझंच वाक्य! अहो, डोळ्यात पाणी आलं. म्हटलं, शिकली पोरगी! आज्याचा ओव्हरटाईम शिकली! आता पहिल्या फोनला गुणाकार, जेवून झाल्यावर बेरीज... खुर्ची गॅलरीत आणली, उशी घेतली पाठीला, मोबाईल हातात. तिकडे दूध उतू गेलं, जाऊ दे म्हटलं, आज कोण बघतो दुधाकडे! आणि वाजला हो. टिंग!

फोन नव्हता. मेसेज होता. उघडला, तर फळ्यासमोर साडी नेसून कोण उभं? संजीवनी मॅडम! आणि खाली आमच्या रिद्धीने लिहिलंय, "आबा, ह्या खूप छान शिकवतात. सगळं कळेल तुम्हाला. आणि फुकट आहे!"

फुकट आहे हो, सगळं फुकट...

मग काय, लावला. मॅडम बोलल्या, "या, बसा. जेवलात का?" मी बोललो, "नाही अजून." पूर्ण बघितला. शेवटी मॅडम बोलल्या, बाजूची घंटा दाबायला विसरू नका. इतके दिवस मी कधी दाबली नव्हती, बरं का. काल दाबली. म्हटलं, कोणाची का होईना, घरात घंटा तरी वाजेल.