मोगऱ्याखालचं टक्कल

...बरं, केस माझे, उपटते मी, आणि केव्हापासून ते मात्र सगळ्या घराला माहीत, मला नाही! तुम्हाला सांगते, म्हैसूरच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे मी गेले होते लेकीसाठी. आमची इंचरा, दहा वर्षांची, गणित सोडवताना कानामागचा एकेक केस ओढून काढते. आणि बाई बघतायत कुणाकडे? माझ्याकडे! अंबाड्यातलं गंगावन ओळखलं त्यांनी, आणि अगदी मायेनं विचारलं, "तुमचं केव्हापासून?"

झालं! लेक राहिली बाजूला, आरोपी मी!

घरी विचारलं, तर अत्ते, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "आली तीच अशी, आमच्याकडे काही झालेलं नाही हं." हे म्हणाले, तुला बँकेत बढती मिळाली तेव्हापासून. माझ्या आईला, अव्वाला फोन केला, तर म्हणे बोअरच्या पाण्यानं होतं. अहो, पाण्यानं केस गळतील, पण पाणी काय एकेक वेचून उपटणार आहे? आणि केव्हापासून ते राहिलंच!

रविवारी अव्वाकडे गेलो. तिच्या भिंतीवर माझा लहानपणीचा फोटो आहे, आमच्या म्हैसूरकडे सगळ्यांच्या घरी असतो तसाच... वेणीवर मोगऱ्याच्या कळ्या शिवलेल्या, मी आरशाकडे पाठ करून उभी, म्हणजे तोंडही दिसावं आणि वेणीही. एवढी वर्षं तो फोटो मीच पुसतेय! इंचरा स्टुलावर चढली, काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "अम्मा, तुला पण कानामागे आहे."

होतं! आरशात स्पष्ट, रुपयाएवढं टक्कल, गजरा घसरून उघडं पडलेलं! मागे तारीख... मी दहा वर्षांची!

अव्वा कॉफी गाळता गाळता थांबली. "मला दिसलं होतं गं. दोन गजरे जास्त खोचले. वाटलं, कुणी विचारलं नाही तर आपोआप जाईल." असा राग आला मला... आणि मग रडूच आलं हो.

पुढच्या खेपेला बाईंना ऐटीत सांगितलं, "दहा!" त्या म्हणाल्या, पुष्कळांचं त्याच सुमारास सुरू होतं, दहा-बारा-तेरा. हा आजार आहे, वाईट खोड नव्हे, आणि इंचराचं वेळेवर कळलंय. एकतीस वर्षं मी स्वतःला नालायक समजत होते, कळलं का? एकतीस!

आता हात शिवशिवले की दोघी मोगरा ओवायला बसतो. न उपटता तिचे अठरा दिवस झाले, माझे चार. दहा वर्षांच्या पोरीकडून सपाटून हरतेय, आणि काय सांगू, इतकं बरं वाटतंय!

दसऱ्याला इंचराचीही तशीच वेणी घातली, तसाच आरसा. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, कानामागचं कॉम्प्युटरवर भरून देतो." अव्वा खुर्चीतून म्हणाली, "हात लावू नकोस. उद्या हिच्या लेकीला कुणी विचारलं, केव्हापासून, तर दाखवायला नको?"

आता दोन्ही फोटो शेजारी शेजारी. येणारा-जाणारा थबकतो, "अगंबाई, हे केव्हापासून?" मी बोट दाखवते... तेवढा वेळ तरी ते केसांत जात नाही!