मान हलीवली तरी चालंल

— आवो मगर न्हवं पावणं, मगर मी कदी म्हटलं? मासा! रंकाळ्यात घावलेला मासा, दोन म्हशी शेजारी हुब्या केल्या तर जेवढी जागा लागंल तेवढा — आणि पोट फाडलं तर आत बैलाची घुंगरमाळ, वाजत हुती अजून. हां, हसला बघा! सकाळपास्नं एकाच बाकावर बसलोय आपण दोघं आणि तुमी आपलं तोंड पाडून. आईच्या डोळ्याचं आप्रेशन म्हंजे काय भ्यायचं काम न्हवं. पट्टी काढतील आणि म्हातारी पैल्यांदा तुमच्या दाढीवरनंच वरडंल. कुरुंदवाडचं म्हणालासा न्हवं? नेमगोंडा — बघा, नाव ध्येनात ऱ्हायलं. तुमच्या भागात लई इंजनं दुरुस्त केल्याती मी. विहिरीवरची, ऑइल इंजनं. केरबा मिस्त्री म्हणून कुणाला बी इचारा. मिस्त्रीगिरी ऱ्हाऊ द्या बाजूला, लोक बोलवायचं ते माझ्या गप्पा ऐकाय. पर इंजनातलं सांगतो एक — मी पाना नंतर उचलतो, आदी धूर बघतो. काळा असला तर तेल जादा पडतंय, निळा असला तर रिंगा झिजल्याती. मालक सांगतोय एक आणि धूर सांगतोय दुसरंच. धूर कदी खोटं बोलत न्हाय. आमचं पाळकसाहेब बी परवा तसंच सांगत हुतं चर्चमदी, की तोंडाला दोष देऊ नगा, तोंड काय, वाट हाय नुसती, काळजात जे साठलंय ते तिथनं सांडतंय. मी पुढच्याच बाकावर. मान खाली घालून बसलो. आमी ख्रिस्ती हाओत न्हवं — आणि मी चर्चचा वडील हाय. तसं नगा बघू! वडील म्हंजे बाप न्हवं, मंडळीचा कारभार बघायला पाच जण निवडत्यात, पाळकाच्या हाताखाली, त्येंला वडील म्हणत्यात.

माझं कोण हाय आत? भाऊ. थोरला, आकारामदादा. आठ दिस झालं, उजवं अंग गेलं. आणि वाचा. म्हंजे गेली बी आणि न्हाय बी — एकच बोलणं शिल्लक ऱ्हायलंय. तुमी ऐकलं असशीला की, खिडकी उघडीच हाय. ‘जेवलास का?’ बास, तेवढंच. डॉक्टरनं नाडी धरली, ‘जेवलास का?’ झाडणारी बाई आली, तिला बी ‘जेवलास का?’ तिनं बिचारीनं झाडू खाली ठेवला आणि म्हणाली, जेवलो बाबा, तुमी जेवा. डॉक्टर म्हणला, असं हुतंय, मेंदूचा एक कोपरा मरतो आणि एखादंच वाक्य ऱ्हातंय. कुणाचं देवाचं नाव ऱ्हातंय. लई जणांच्या म्हणं शिव्या ऱ्हात्यात, आयुष्यात कदी तोंडातनं न काढलेल्या. आणि ह्येचं काय ऱ्हायलं तर हे. आता मला सांगा पावणं, उद्या माझं अंग गेलं तर माझ्या तोंडात काय ऱ्हाईल? आठ दिस तेच घोकतुय. मासा ऱ्हाईल का मगर ऱ्हाईल?

न्हाय, वाट बघतुय मी. बाराला पाळकसाहेब येणार हाईत, दोन वडिलांस्नी घिऊन. भाकर आणि प्याला आणणार — प्रभुभोजन म्हणत्यात आमच्यात, येशूची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस. आजाऱ्याला खाटंवर देत्यात. दादाला अकरा वर्सांनी मिळायचं हाय. अकरा का म्हंजे — बंद हुतं त्येचं. मंडळीनं बंद केलतं. आता एक चेष्टा झालती हो, जुनी गोष्ट, चीनची लढाई झाली त्या वर्साची. जीभ घसरली माझी. तुमाला म्हायीत झालंय की आता, माझ्या जिभेला काय खिट्टी न्हाय.

झालं काय, दादाची वडील म्हणून निवड झाली. माझी न्हाय. मंडळीत हशा पिकवायचा मी, नाताळात गाणी बसवायचा मी, आणि निवडला कोण तर दादा, जो चार शब्द बोलायचा झाला तर आदी टोपी काढून पुसणार. मला काय वाईट वाटलं न्हाय, छ्या! त्या पुढच्या रविवारी दादा-वैनी चर्चला न्हवती. दादाला मूलबाळ न्हाय, तर चिमणाबाई वैनीला घिऊन त्यो गेलता मिरजंला, डॉक्टरीणबाईकडं, गुपचूप. मला एकट्याला सांगून गेलता. चर्च सुटल्यावर भाईर भिंतीपाशी मंडळी जमली, कुणीतरी इचारलं, नवं वडील कुठं गेलं हो? आणि मी म्हणालो — चेष्टेनंच की — म्हटलं, गेल्यात डोंगरावर, देवाला पाळणा बांधाय. हिरवा पाळणा, लाकडी, ईतभर, वैनीनं पदराखाली धरलेला, आणि दादानं दोरी बांधायला टोपी काढली. सगळी हसली. मी बी हसलो. दुसऱ्या कुणी नवस केला तर काय न्हवं पावणं, ज्येचा त्येचा देव. पर मंडळीचा वडील नवसाचा पाळणा बांधतोय म्हटल्यावर — एकानं घरी जाऊन बायकूला सांगितलं, तिनं आणि कुणाला, बुधवारपतोर हसणारं कुणी ऱ्हायलं न्हाय. पाळण्याचा रंग सुदीक ठाऊक हुता लोकास्नी.

मग बोलावलं दादाला पाळकसाहेबांच्या खोलीत. तवाचं पाळक वेगळं, कडक. मी दाराभाईर हुबा. त्येंनी इचारलं, आकाराम, रविवारी कुठं हुतास? दादा म्हणाला, कोण म्हणतंय मी डोंगरावर गेलो? ते म्हणालं, तुझा भाऊ. आणि पावणं, तिथनं फुडं दादा बोलला न्हाय. एक अक्षर न्हाय. मिरजंचं नाव काढलं असतं तर सुटला असता की न्हाय? कागद हुता डॉक्टरीणबाईचा, खिशात. पर त्येनं कागद काढला असता तर मी काय ठरलो असतो? सख्ख्या भावावर खोटी साक्ष. मला मंडळीतनं काढून टाकलं असतं. त्येनं टोपी हातात धरली, भाईर आला, माझ्याकडं बघितलं, आणि सायकल घिऊन गेला. वैनीला बी त्येनं गप बसवलं. त्या माझ्यासंगं आजतागायत बोलल्या न्हाईत, पर नाताळला करंज्यांचं ताट चुकलं न्हाय एका वर्साला.

दादा गप ऱ्हायला म्हंजे कबूल, असं मंडळीनं धरलं. आणि दादाची जागा मोकळी झाली न्हवं, तिथं निवडला मला. व्हय. मला! प्रभुभोजनाच्या दिशी ताट कोण फिरवतंय? वडील. अकरा वर्सं पावणं, दोन-तीन म्हयन्याला एकदा, मी भाकरीचं ताट घिऊन बाकाबाकानं जातोय, आणि शेवटच्या बाकावर दादा बसलेला असतोय, हात मांडीवर, आणि मी ताट त्येच्या नाकाम्होरनं फुडच्याला देतोय. अकरा वर्सं! दुसरा असता तर धरम बदलला असता, न्हायतर घरात बसला असता. ह्यो दर रविवारी हजर.

सांगितलं की! न्हाय कसं, सांगितलं मी खरं. एका नाताळला, जेवणाच्या पंगतीत, मोठ्यानं म्हणालो, ती पाळण्याची माझी थाप हुती रे बाबानू. अख्खी पंगत हसली. म्हणाली, मिस्त्री, भावासाठी नवीन थाप काढलीस व्हय! आणि मी — मी बी हसलो. पानात मटण वाढून घेतलं. मला पाळकसाहेबांच्या खोलीत जाऊन सांगता आलं असतं की, तिथं कोण हसत न्हाय. पंगतीत सांगितलं. का सांगितलं पंगतीत? हसतील म्हणूनच सांगितलं. आणि जीभ घसरली म्हणालो न्हवं मगाशी? ते बी खोटं. तुमची तंबाखू ऱ्हाऊ द्या, ऐका. ज्या दिशी दादा मला सांगून गेला, गुरुवार हुता. गुरुवार, शुक्कीरवार, शनवार — तीन दिस मी गडमुडशिंगीला एका विहिरीवर इंजन खोलून बसलोतो, आणि रिंगा बसवता बसवता मनात ती गोष्ट रचली. आदी पाळणा तांबडा हुता, मग म्हटलं न्हाय, हिरवा बरा. टोपी शनवारी गोष्टीत घातली. तीन दिस! मंडळी इचारंल कवा, ह्येचीच वाट बघत हुबा हुतो भिंतीपाशी. हे कुणाला म्हायीत न्हाय पावणं. आता तुमाला.

आजचं ऐका. रीत अशी हाय की ज्येचं भोजन बंद झालंय त्येनं वडिलांच्या म्होरं तोंडानं म्हणायचं, मी चुकलो, मला पश्चात्ताप झालाय. मग भाकर. दादा तर बोलू शकत न्हाय. तवा नवं पाळकसाहेब, चांगला माणूस हाय, म्हणालं, आमी इचारू, त्येंनी मान हलीवली तरी चालंल. वैनीनं काल हे दादाच्या कानात सांगितलं. दादानं मान अशी — भिंतीकडं फिरवली. न केलेल्याचा पश्चात्ताप त्यो कसा करंल? आणि डॉक्टर म्हणतोय, दोन दिस, लई तर तीन. भाकर न घेता जाईल त्यो.

मग आज सकाळी मी गेलो आत. तुमाला वाटलं माफी मागाय? वैनीला बी तसंच वाटलं, त्या उठून भाईर गेल्या. मी खाटंपाशी वाकलो आणि कानात म्हणालो, दादा, हलीव की मान. एकदाच हलीव, मिटवून टाकू. असं म्हणालो मी. माझ्या तोंडातनं हे आलं. त्येनं डोळं उघडलं, माझ्याकडं बघितलं, लई येळ बघितलं, आणि म्हणाला, ‘जेवलास का?’

दोन दिस झालं अन्न घशाखाली उतरंना झालंय मला. पर मी म्हणालो, व्हय दादा, भाकरी, झुणका आणि वर ताक. ताक सुदीक जोडलं बघा!

— आलं बघा. फाटकातनं, पांढरा सदरा, ते पाळकसाहेब. मागच्या म्हाताऱ्याच्या हातातली पेटी दिसतीया न्हवं, त्यात प्याला असतोय. आता ते हितं येणार आणि आदी मला इचारणार, केरबा, काय म्हणतोय भाऊ? आणि पावणं, खरं सांगू, हितं घशापतोर थाप आलीया — सकाळीच इचारलं, दादानं मान हलीवली, डोळ्यातनं पाणी बी आलं. डाव्या डोळ्यातनं. कोण न्हाय म्हणंल? दादा न्हाय म्हणू शकत न्हाय. भाकर मिळंल, मी वडील ऱ्हाईन, सगळं गोड. आणि दुसरं, खरं हाय ते, येतच न्हाय वर. ते खाली कुठंतरी —

न्हाय, तुमी उठा. न्हाय, धीर देऊ नगा मला, उठा हितनं, आईपाशी जाऊन बसा. ऐकणारा शेजारी बसला की मला सुचतंय. जावा म्हटलं न्हवं!