डावीकडे ओढणारी जीप आणि हिरामणच्या अंगावरची हळद

मी, विनिता केसरीनाथ भोईर, वय ५९ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण कॉन्व्हेंट शाळेत अकरावीपर्यंत, रा. अंजूर, ता. भिवंडी, जि. ठाणे. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

सदर जीप माझ्या दिवंगत पतींची आहे. ती घेतली त्या वर्षी कामतघरच्या रस्त्यावर ते मला शिकवत होते. म्हणाले, "हात सैल सोड, गाडी कुठं जाते बघ." गाडी सरळ गेली. मागे माझी नणंद आक्का डोळे मिटून बसली होती. आम्ही तिघे खूप हसलो.

काल, मे २००६ मधील रविवारी, सायंकाळी पुतण्याच्या हळदीत आक्काच्या छातीत दुखू लागले. दवाखान्यात नेण्यासाठी आमचा ड्रायव्हर हिरामणने आम्हा दोघींना जीपमध्ये पुढेच, त्याच्या शेजारी घेतले. गोदामांपुढे कंटेनर अडकून रस्ता बंद होता. हिरामण म्हणाला, "काकी, घट्ट धरा. शेतातून काढतो." वाळलेल्या शेतांचे बांध ओलांडून त्याने गाडी पलीकडे काढली. एका बांधावर पुढचे डावे चाक जोरात आदळले.

डांबरी रस्त्यावर आल्यावर स्टिअरिंग उजवीकडे वळवून धरले तरच गाडी सरळ जात होती. हात सैल केला की डावीकडे ओढे. मी म्हटले, "चाक बसलं का रे?" तो उतरला. दोन्ही चाकांत हवा सारखी होती. खाली वाकून म्हणाला, "हवा न्हाय काकी, दांडी वाकली हाय. दोन चाकं दोन गावांना बघतात. हळू नेतो."

आक्का माझ्या खांद्याला टेकली होती. मी तिचा हात धरला होता.

टेमघरच्या वळणावर ब्रेक लावताच जीप डावीकडे जाऊन उभ्या रिकाम्या रिक्षाला घासली. लोक जमले. "हळदीतून आलाय, फुल टाईट हाय!" असे ओरडू लागले. हिरामण म्हणाला, "काकी, तुमी आक्काला दुसऱ्या रिक्षातून न्या. मी हितंच थांबतो, पळालो म्हनतील." तो थांबला म्हणूनच पोलिसांना सापडला.

विचारल्यावरून सांगते की, आमच्याकडे हळदीला दारू असते हे खरे आहे, आणि अंगाला हळद दिसली की माणूस प्यालेला धरतात. त्याच्या शर्टावरची हळद मी स्वतः लावली आहे. तो पीत नाही. तो माझ्याशेजारीच बसून गाडी चालवत होता, मला वास आला असता.

आज आपल्यासमोर मेकॅनिक बुद्धभूषण यांनी पोलीस ठाण्याच्या आवारात जीप तपासली. स्टिअरिंगची डावी दांडी वाकलेली व तिला बांधाची माती लागलेली आपणही पाहिली.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणले. आज सकाळी आक्काने चहा मागितला. हे हिरामणमुळे झाले. माझी त्याच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. त्याला सोडावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी सांगितले तसाच लिहिला आहे. सहीपूर्वी माझ्या विनंतीवरून पुढील ओळी घातल्या:

रिक्षाची दुरुस्ती मी करून देईन. जीपची चावी हिरामणच्याच हातात द्यावी. मी सोबत आणलेला डबा त्याच्यासाठी आहे, त्यात भाकरी आणि सुकट आहे. भाकऱ्या जास्त आहेत. रात्री ज्या हवालदारांनी त्याला चहा पाजला, त्यांनाही त्यातल्या द्याव्यात.