भिंतीवर हसणारा पैलवान

आन वरनं मलाच म्हनत्यात, "काका, जरा हसा की, फोटो निघतोय." कसला हसू? आवं, अडीच वर्सं झाली माझा मेंढा हरवून, अडीच वर्सं... उंब्रजपतुर धनगरांची समदी पालं पालथी घातली, बिरोबाला नवस बोललो, बाजार हिंडून पायाची सालं निघाली, आन गडी हिथं सांगलीत भर रस्त्यावर, पुलाखालच्या भिंतीवर, दोन मजली उंच हुबा! अंगावर सात रंगांची लोकर, शिंगावर फुलपाखरू, डोक्यावर लिवलंय 'आनंदी रहा, सांगलीकर'. मी अर्जुना, आटपाडीकडचा, मला ते लागू हाय का न्हाई कुनास ठावं.

तुम्हास्नी वाटंल, चित्र ते, कुठलाबी मेंढा आसंल. तसं न्हाई गड्या. डाव्या कानाला कुत्र्यानं पाडल्याली खाप हाय. उजवं शिंग टोकाला तुटल्यालं, शिरवळच्या रस्त्याला चालत्या टेम्पोला धडक दिल्ती तवाचं. म्या स्वोता बाटलीनं दूध पाजून वाढवल्याला, पैलवान म्हनायचो त्याला. मानूस आपलं मेंढरू इसरतंय व्हय? फकस्त येकच खटकलं, त्यो हसत हुता. पैलवान जल्मात हसला न्हाई. त्याच्याम्होरं जो हसंल त्याला ढुसनी द्यायचा.

गेल्या महिन्यात मेंढरांच्या जंताचं औषध न्यायला आलो, आन ही भिंत दिसली. झालं... बाटली तिथंच खाली, आन म्या भिंतीला मिठी मारून, "पैलवाना, कुठं हुतास रं" म्हनून रडाया लागलो. रंग वला हुता, समदा सदऱ्याला लागला. लोकं जमली. स्कुटीवरनं एक बाई उतरल्या त्या मोबाईल म्होरं धरूनच, "बघा मंडळी, कलेची ताकद बघा, एक साधा मेंढपाळ कसा हेलावून गेलाय..." म्या म्हनलं, बाई, कला न्हाई, माझा मेंढा हाय ह्यो. तर लगीच, "बघा, काकांना चित्र किती आपलं वाटतंय!" आता काय डोकं आपटू?

तवर शिडीवरनं चित्र काढनारी पोरगी उतरली. श्रद्धा तिचं नाव, कोपरापतुर रंग, लय गुनाची. "काका, लोक सकाळी तोंड पाडून कामाला जातात हो. कुणीतरी हसून बघावं त्यांच्याकडे, म्हणून हसवला मी त्याला." म्या म्हनलं, "ते ऱ्हाऊ दे बाळ, त्यो गावला कुठं तुला?" तिनं फोनमदला जुना फोटू दावला. लिंबाला बांधल्याला पैलवान, मागं निळं दार, आन दारात बिराप्पा. बिराप्पा म्हंजी माझा म्हेवना, बायकोचा धाकटा भाऊ.

"कवाचा गं फोटू?"

"त्यांच्या बाळाचं जावळ होतं ना, मैत्रिणीबरोबर गेले होते. सकाळी काढला."

"आन दुपारी?"

पोरगी उगंच ब्रश पुसाया लागली. मग हळूच म्हनती, "काका, आम्ही जैन. मी नुसता ताकभात घेतला हो."

तुम्हास्नी सांगतो, पायाखालची जमीन सरकली. कारन दुपारी त्या जावळाला म्या बी पोचलो हुतो. पैलवान जाऊन दोन दिस झाल्यालं, घास उतरंना, आन बिराप्पा स्वोता वाढाया, "घ्या दाजी, जीवाला लावून घिऊ नगा." म्या पैलवानासाठी रडतोय आन त्यो वाढतोय, म्या रडतोय, त्यो वाढतोय... तीन डाव रस्सा मागून घेतला. नळी फोडली. आचाऱ्याला बलवून सांगितलं, असं मटन जल्मात खाल्लं न्हाई. मानूस आपलं मेंढरू इसरतंय व्हय? न्हाई इसरत. ताटात आलं की वळखत न्हाई, येवढंच.

तिथनंच फोन लावला. बिराप्पा म्हनला, "दाजी, मला का वरडताय? आक्कानंच धाडला, भाच्याच्या जावळाला आत्याचा मान म्हनून."

आक्का म्हंजी आमची मंगल. माझी बायको. घरी गेलो, ती भाकरी थापत हुती. थापता थापताच म्हनली, "व्हय, दिला. आत्यानं रिकाम्या हातानं जायाचं व्हय? तीनदा ढुसनी दिली त्यानं मला. तिसऱ्या बारीला मी पडली, आन तुमी त्याच्या शिंगाला हळद लावत बसला."

लय लागलं मनाला. पैलवानाचं बी लागलं, आन हिचं बी. कारन हळद लावली हुती, खोटं कसं बोलू? भाकरी खाल्ली, झोपलो.

आन आज ह्यो उद्घाटनाचा थाट. त्या बाईंचा व्हिडिओ पार गावपतुर गेला, म्हनून नारळ फोडायला मलाच बलवलंय. हिकडं मंगल, नवीन साडीत. तिकडं बिराप्पा, फेटा बांधून. मधी म्या, हातात नारळ, आन समदी वरडत्यात, हसा काका, हसा.

म्या न्हाई हसत. वर बगा की, पैलवान हसतोय. जल्मात न हसल्याला गडी... कुनाकडं बघून हसतोय, ते मला आत्ता कळलं.