राखून ठेवलेलं कडवं

(नागपूरच्या प्रताप नगरातली बैठकीची खोली. दुपार. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं.)

कामिनी : तिले नेऊन तुम्ही स्वतःचंच नाक कापून घेसान, पाहुणे. त्या बाईले एक गाणं धड पूर्ण येत नाही.

कैतान : माझे वडील त्यांच्याबरोबर स्टेजवर असायचे, काकी. तियात्र म्हणजे आमचं गाण्यांचं नाटक. मडगावात नाटक कुठलं हे कुणी विचारत नसे. इनासियाबाय गाणार का, एवढंच विचारायचे. म्हणून तर तिथल्या रविवारच्या कार्यक्रमाला न्यायला आलो.

कामिनी : इनासिया तुमच्या गोव्यात. या घरात गोपिका. माहा दीर रुपराव तिकडं खाणीवर नोकरीले गेला, आन् येतानी ही लहानी जाऊ घेऊन आला मले. सासूनं नाव बदललं. नाव बदललं म्हणून हात बदलते काय? पहिल्याच दिवशी वांग्याच्या भाजीत नारळ घातला तिनं. सगळ्याईनं ताटं सरकवले.

कैतान : मी गाण्याचं विचारतोय.

कामिनी : तेच सांगून राहिली. इथं गणपती बसला होता. रुपराव मोठ्या तोऱ्यात बोलला, माही बायको गाईन. आमच्या ह्याईनं अर्ध्या नागपुरात सांगितलं. सीताबर्डीवरून नवी साडी आणली. महाराणी उभी राहिली, तीन कडवे गायली, आन् बंद. हात जोडून नुसती उभी. पेटीवाला वाजवूनच राहिला. मागं पोट्टे हसाले लागले. मंग ह्याईनंच उठून माइक बंद केला. खाली मान घालून घरी आलो आम्ही.

कैतान : तीन कडव्यांनंतर थांबल्या?

कामिनी : थांबली कायची, विसरली. सैपाक करतानीही तेच. तीन कडवे आन् चूप. तीस वर्षं झाले. कोणी बोलता बोलता अटकला, की आमच्या घरी म्हणतात, याची गोपिका झाली. नातवंडंही म्हणतात.

कैतान : त्या दिवशी टाळ्या कुणी वाजवल्या?

कामिनी : अर्ध्या गाण्याले कोण वाजवते टाळ्या?

कैतान : काकी, तुमच्याकडे वन्समोअर मिळाला की तेच पुन्हा गातात. आमच्याकडे शेवटचं कडवं राखून ठेवतात. टाळ्या पडल्या तरच गायचं. नाही पडल्या, तर हात जोडायचे आणि आत जायचं. त्या विसरल्या नव्हत्या. वाट बघत होत्या.

कामिनी : कोणाची?

कैतान : तुमची सगळ्यांची.

कामिनी : मंग सांगाचं नाही? तोंड शिवलं होतं काय तिचं? गोपिका, बाहेर ये वं. हा पाहुणा काय म्हणून राहिला, खरं आहे?

गोपिका : खरं आहे. सारं ऐकून राहिली मी आतून.

कामिनी : मंग तीस वर्षं काहून नाही बोलली?

गोपिका : टाळी मागून घेतात काय, जाऊबाई? मागून भीक भेटते. तुम्ही लोक हसले, तवाच ठरवलं मी. या लोकाईले तीनच पुरे. चवथं ऐकाची त्याईची लायकी नाही.

कामिनी : माही लायकी काढते?

गोपिका : तुमची काढते, माइक बंद करणाऱ्या भैयाजीची काढते, माह्या नवऱ्याची पण काढते. तुम्हाले तर माहीतच नव्हतं. तो पहिल्या रांगेत बसला होता, आन् त्याले सारं माहीत होतं. मडगावात त्या चवथ्या कडव्यावरच तर भाळला होता.

कामिनी : रुपरावले माहीत होतं?

गोपिका : मोठ्या भावासमोर त्याचे हात मांडीवरून उठले नाहीत. मी त्याच्याकडंच पाहून राहिली होती.

कामिनी : गेलेल्या माणसाचं काहून काढते आता.

गोपिका : तो होता तवाही नाही काढलं. त्यालेही तीनच कडवे ऐकवले मरेपर्यंत.

कैतान : बाय, रविवारी हॉल भरलेला असेल. येणार ना?

गोपिका : येते. पण वडलांची ओळख म्हणून टाळ्या वाजवाले माणसं बसवू नको. टाळी नाही पडली, तर तुझ्या मडगावातही तीनच.

कैतान : कबूल.

गोपिका : कपड्याची पेटी काढते माही. कोणाले ओझं वाटत असन तर मीच उचलते.

कामिनी : थांब वं. कसं आहे ते चवथं?

गोपिका : असं मधातून नाही म्हणता येत. पहिले तीन म्हणा लागतात.

कामिनी : ते राहू दे. ते तीन मले पाठ आहेत.